सोलरचे पाणी नळाला कोमट का येते आणि पाइपवरचे आवरण टिकत का नाही

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. गच्चीवरच्या सोलरच्या टाकीत पाणी चटका बसेल इतके गरम असते, पण न्हाणीघरातल्या नळाला ते कोमट येते, किंवा अर्धी बादली थंड पाणी सोडून दिल्याखेरीज गरम पाणी येतच नाही. प्लंबर येतो, पाइपवरचा फाटलेला फोम काढून नवा चढवतो, एक हिवाळा बरा जातो, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी तोच फोम भुगा होऊन गच्चीच्या कोपऱ्यात पडलेला दिसतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरांत, जिथे बंगल्यांवर आणि सोसायट्यांवर सोलर वॉटर हीटर मोठ्या संख्येने बसलेले आहेत, तिथे थंडी पडली की ही तक्रार नव्याने सुरू होते. ती सुटत नाही, कारण तिच्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पाणी कोमट का येते हा एक प्रश्न आहे, आवरण का टिकत नाही हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दर वेळी आवरण हेच असते असे नाही, आणि ते तपासून पाहिल्याशिवाय आवरणावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आवरण काय करते आणि काय करू शकत नाही

आवरण पाण्याला उष्णता देत नाही, पाण्यातली उष्णता बाहेर जाण्याचा वेग तेवढा कमी करते. ही गोष्ट सर्वांना माहीत असते, पण तिचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही, म्हणून तो येथे मांडतो. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप, म्हणजे गरम पाण्यासाठी वापरतात तो प्लॅस्टिकचा पाइप, घेऊ. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो. आत ६० अंश सेल्सिअसचे पाणी, बाहेर १५ अंशांची पहाटेची हवा आणि वारा नाही, असे धरले तर उघड्या पाइपमधून दर मीटरला साधारण २७ वॅट उष्णता निघून जाते. त्याच पाइपवर ६ मिलिमीटर जाडीचे नायट्राइल रबरचे आवरण चढवले तर हा आकडा १५ वॅटवर येतो, १३ मिलिमीटरचे चढवले तर साडेदहावर, १९ मिलिमीटरचे चढवले तर नऊच्या थोडा खाली आणि २५ मिलिमीटरचे चढवले तर साडेसातच्या आसपास. म्हणजे मोठा फायदा पहिल्या १३ मिलिमीटरमध्येच पदरात पडतो, पुढची जाडी खर्चाच्या मानाने थोडेच देते. वारा सुटला की उघड्या पाइपचा आकडा जवळजवळ दुप्पट होतो, आवरण असलेल्या पाइपचा मात्र फारसा बदलत नाही. गच्चीवरचा पाइप आणि भिंतीच्या आडोशाचा पाइप यांत फरक करायला हवा तो यामुळेच.

आता याच आकड्यांवरून पाणी किती वेळात निवते ते पाहू. नळ बंद केल्यावर पाइपमध्ये अडकून राहिलेले ६० अंशांचे पाणी ४० अंशांपर्यंत उतरायला उघड्या पाइपमध्ये सुमारे वीस मिनिटे लागतात, आणि वाऱ्यात दहा-बाराच. १३ मिलिमीटरच्या आवरणात त्याला पाऊण तासाहून अधिक, साधारण पन्नास-पंचावन्न मिनिटे लागतात. १९ मिलिमीटरमध्ये तास उलटतो. पण रात्रीचे आठ तास मध्ये गेले तर बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही जाडीच्या आवरणातले पाणी पहाटेपर्यंत बाहेरच्या हवेइतके गार झालेले असते. साडेपाचला उठून पहिली आंघोळ करणाऱ्याला जे थंड पाणी सोडून द्यावे लागते, ते आवरण बदलल्याने कमी होणार नाही.

तिसरी बाब सगळ्यांत कमी लक्षात घेतली जाते. पाणी वाहत असताना ते पाइपमध्ये फार थोडा वेळ असते. मिनिटाला सहा लिटर या वेगाने गरम पाणी पंधरा मीटरच्या उघड्या पाइपमधून येत असेल, तर वाटेत त्याचे तापमान अंशभर उतरते, आणि गच्चीवर वारा असला तरी दोन अंशांपलीकडे सहसा उतरत नाही. नळ अगदी बारीक सोडला तर ही घट पाच-सहा अंशांपर्यंत जाऊ शकते. तरीही टाकीत ६० अंश आणि नळाला, धार चांगली सोडून पाच मिनिटे झाल्यावरही, ३८ अंश असा प्रकार असेल, तर दोष पाइपच्या आवरणाचा नाही, हे खात्रीने सांगता येते.

त्यामुळे घरात नेमकी कोणती तक्रार आहे, हे आधी ठरवावे. सकाळी पहिल्या माणसाला थंड पाणी सोडावे लागते आणि नंतर पाणी व्यवस्थित गरम येते, असे असेल तर पाइपची लांबी आणि व्यास पाहावा लागेल. पहिल्याची आंघोळ झाल्यावर अर्ध्या तासाने दुसरा गेला की त्यालाही पुन्हा थंड पाणी सोडावे लागते, असे असेल तर ती आवरणाची तक्रार आहे, आणि तेथे आवरण खरोखर उपयोगी पडते. पाणी कितीही वेळ सोडले तरी कोमटच राहते, असे असेल तर गच्चीवर फोम घेऊन जाण्याआधी पुढच्या दोन तपासण्या कराव्यात.

बादली आणि थर्मामीटर

पहिल्या तपासणीला मापाची बादली आणि शंभर अंशांपर्यंत दाखवणारा साधा काचेचा थर्मामीटर पुरतो. तापाचा थर्मामीटर येथे वापरू नये. सकाळी कोणीही पाणी वापरण्याआधी गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडावा आणि पाणी हाताला स्पष्ट गरम लागेपर्यंत किती लिटर बाहेर आले ते मोजावे. मग टाकीपासून त्या नळापर्यंत पाइप किती मीटर आहे, याचा अंदाज घ्यावा. अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपमध्ये दर मीटरला साधारण १२० मिलिलिटर पाणी मावते, पाऊण इंचीमध्ये २६० आणि एक इंचीमध्ये ४३०. जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपची पोकळी याहून मोठी असते: पाऊण इंचीमध्ये ३७० मिलिलिटरच्या आसपास आणि एक इंचीमध्ये ५८०. पंधरा मीटरच्या एक इंची सीपीव्हीसी पाइपमध्ये साडेसहा लिटर थंड पाणी उभे असते, आणि ते बाहेर पडल्याखेरीज गरम पाणी येणे शक्य नसते. पाइप स्वतःही तापावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात या आकड्याच्या दीडपट पाणी गेले तर ते स्वाभाविक समजावे. तिपटीने, चौपटीने जात असेल तर काही तरी बिघडले आहे.

पाणी स्वाभाविक तेवढेच जात असेल आणि तेही फार वाटत असेल, तर उपाय एकच आहे, तो म्हणजे पाइपचा व्यास किंवा लांबी कमी करणे. आपल्याकडे ‘लाइन मोठी टाकली की फोर्स चांगला येतो’ या समजुतीने गच्चीवरून खालपर्यंत एक इंची पाइप उतरवण्याची पद्धत आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर, जिथे टाकी आणि नळ यांच्या उंचीत फार फरक नसतो, तिथे ती पद्धत योग्यच आहे. दोन-तीन मजले खाली मात्र दाब पुरेसा असतो, आणि तेथे पाऊण इंची पाइपने काम भागते. तेवढ्याने पाइपमध्ये उभे राहणारे पाणी चाळीस टक्क्यांनी कमी होते. नूतनीकरण करताना याचा विचार जरूर करावा, नुसत्या या कारणासाठी भिंती फोडाव्यात असे मात्र मी सुचवणार नाही. सोडून दिलेले पाणी बादलीत धरून ते फरशी पुसायला किंवा झाडांना वापरणे हा साधा उपाय अनेक घरांत पुरेसा ठरतो.

त्यानंतर थर्मामीटर बादलीत ठेवून, नळ चालूच ठेवून, पाच मिनिटांनी तापमान पाहावे. गच्चीवर टाकीच्या गरम पाण्याच्या तोंडाजवळ कॉक असेल तर तेथलेही तापमान घ्यावे, पण जपून: ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते, आणि उन्हाळ्याच्या दुपारी, विशेषतः घरची मंडळी बाहेरगावी असल्याने पाणी वापरले गेले नसेल तेव्हा, टाकीतले पाणी ८० अंशांपर्यंत गेलेले असू शकते. टाकीजवळचेच पाणी कोमट असेल तर दोष सोलरच्या पॅनेलमध्ये किंवा काचनळ्यांमध्ये शोधावा. धूळ, बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने आत बसलेला क्षार, शेजारी नव्याने उठलेल्या इमारतीची सावली ही त्याची नेहमीची कारणे आहेत. काचनळीच्या बंद टोकाकडचा चंदेरी पट्टा पांढरा पडला असेल तर त्या नळीतली निर्वात पोकळी संपली आहे आणि ती नळी बदलावी लागेल. टाकीजवळ गरम आणि नळाला कोमट असे निघाले, तरच पुढे जावे.

थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरते आहे का

टाकीत गरम आणि नळाला कोमट, या तक्रारीच्या मुळाशी सर्वांत जास्त वेळा थंड आणि गरम लाइनची सरमिसळ असते. सोलरचे गरम पाणी साधारणपणे नुसत्या उंचीच्या दाबाने खाली येते. थंड पाण्याच्या लाइनवर मात्र वरच्या मजल्यांच्या अनेक घरांत प्रेशर पंप बसवलेला असतो, किंवा तिची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर असते. दोन्ही लाइन ज्या मिक्सरमध्ये एकत्र येतात, त्याचे दोन्ही कॉक उघडे राहिले आणि पुढचे तोंड बंद असले, उदाहरणार्थ हँड शॉवर त्याच्या खटक्याने बंद केला असला, तर जास्त दाबाचे थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये ढकलले जाते. मग दुसऱ्या न्हाणीघरातल्या नळाला वरून आलेले गरम आणि उलटे शिरलेले थंड असे मिश्र पाणी मिळते. एका न्हाणीघरातल्या चुकीची शिक्षा दुसऱ्या न्हाणीघराला होत असल्यामुळे हा दोष वर्षानुवर्षे सापडत नाही, आणि त्याचे खापर गच्चीवरच्या पाइपवर फुटत राहते.

तपासणी सोपी आहे. भल्या सकाळी, ऊन चढण्याआधी, गच्चीवर सोलरच्या टाकीत थंड पाणी आणणारा व्हॉल्व्ह बंद करावा आणि खाली गरम पाण्याचा नळ सोडावा. पंपाविना चालणाऱ्या साध्या घरगुती यंत्रणेत गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून निघते, त्यामुळे खालून भर पडणे थांबले की थोडे पाणी येऊन धार बारीक होते आणि थांबते. ती थांबली नाही, उलट तशीच जोरात चालू राहिली आणि पाणी गार होत गेले, तर ते पाणी सोलरमधून येत नसून थंड लाइनमधून शिरते आहे. मग एकेका मिक्सरखालचे अँगल कॉक बंद करत जावे. ज्याने धार थांबेल तो दोषी. तपासणी संपल्यावर गच्चीवरचा व्हॉल्व्ह लगेच उघडावा, कारण तो बंद राहून दिवसभर पाणी वापरले गेले तर टाकीत नवे पाणी येणार नाही.

दोषी मिक्सरचे कार्ट्रिज, म्हणजे आतला पाणी उघड-बंद करणारा भाग, किंवा वॉशर बदलावा, आणि त्या मिक्सरकडे जाणाऱ्या गरम लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवावा. स्प्रिंगचा एनआरव्ही कमी दाबाच्या गरम लाइनवर धार फार बारीक करतो, त्यामुळे तेथे पडद्याचा, कमी अडथळ्याचा घ्यावा. ज्या घरांत सोलरचे पाणी गीझरमधून पुढे नेलेले असते आणि बाजूने बायपास, म्हणजे गीझर टाळून जाणारा पाइप, काढलेला असतो, तिथे बायपासचा अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्हही हाच प्रकार घडवतो. तोही पाहून घ्यावा.

आवरण का उतरते

या दोन्ही तपासण्यांतून निभावून गेल्यावर जी तक्रार उरते, ती आवरणाची. गच्चीवर दोन प्रकार सर्रास दिसतात: पांढरा किंवा करडा पॉलिइथिलिन फोम आणि काळी नायट्राइल रबरची नळी. दोन्ही उष्णता चांगली अडवतात, दोन्हींना गरम पाण्याचे तापमान सोसते, पण उघड्या उन्हात दोन्ही टिकत नाहीत. उन्हातले अतिनील किरण पृष्ठभाग ठिसूळ करतात, त्याला बारीक तडे जातात, तड्यांतून पावसाचे पाणी आत शिरते, आणि पॉलिइथिलिन फोम तर हाताने चोळला तरी पिठासारखा गळू लागतो. दुकानदार ‘वॉटरप्रूफ आहे’ असे सांगतो आणि ते खरेही असते, पण उन्हाचा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो.

ओले झालेले आवरण कोरड्यापेक्षा किती निकामी असते, हे एका तुलनेवरून कळेल: पाणी या फोमपेक्षा पंधरा-सोळा पट अधिक सहजपणे उष्णता वाहून नेते. म्हणूनच काचेच्या लोकरीचे, म्हणजे ग्लासवूलचे, आवरण पत्र्याच्या पक्क्या वेष्टनाशिवाय गच्चीवर वापरू नये. ते एका पावसाळ्यात भिजते आणि हिवाळ्यात ओलेच असते. जीआय पाइपवर ओले आवरण आणखी एक नुकसान करते: खालचा पाइप नजरेआड गंजत राहतो, आणि गळती सुरू झाल्यावरच ते कळते.

उन्हानंतरचे कारण म्हणजे पाइपचे लांब-आखूड होणे. हे कारण फारसे बोलले जात नाही, पण आवरण पुन्हा पुन्हा उघडे पडण्यामागे त्याचा वाटा मोठा आहे. सीपीव्हीसी तापला की लक्षणीय वाढतो: दहा मीटरचा सरळ पाइप ५० अंशांच्या फरकाने सुमारे तीन सेंटिमीटर लांब होतो आणि गार झाल्यावर पुन्हा आखूड होतो. रोज असे होत असताना त्यावरचे फोमचे तुकडे सांध्यांवर एकमेकांपासून सरकतात, एल्बोजवळ, म्हणजे पाइपच्या काटकोनी जोडाजवळ, बोटभर पाइप उघडा पडतो, आणि तेथूनच पाणी आणि ऊन आत शिरते. शिवाय तुकडा वाचावा म्हणून बसवणारे कारागीर नळी ताणून बसवतात. ताणलेली नळी काही महिन्यांत मूळ लांबीवर येते आणि फट वाढते. आवरण फाटले असे आपण म्हणतो, पण अनेकदा ते फाटण्याआधी सरकलेले असते.

बाकीची कारणे थोडक्यात सांगता येतील. कावळे फोम चोचीने उचकटतात, खारी घरट्यासाठी तो कुरतडतात, माकडांचा वावर असलेल्या गावांत तर उघडा फोम राहतच नाही. पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्या उन्हाने तुटतात, आणि तुटू नयेत म्हणून करकचून आवळल्या तर फोम तेथे दाबला जाऊन त्याची जाडीच नाहीशी होते. विजेच्या कामाची चिकटपट्टी तापल्यावर सुटते, आणि ती थेट सीपीव्हीसीवर गुंडाळणे तर टाळावेच, कारण मऊ पीव्हीसीमधली रसायने कालांतराने सीपीव्हीसीला कमकुवत करून त्याला तडे पाडू शकतात.

टिकेल असे आवरण कसे बसवावे

खरेदीला जाण्यापूर्वी पाइपचा बाहेरचा व्यास मोजून घ्यावा. पाऊण इंची सीपीव्हीसी बाहेरून २२ मिलिमीटर असतो, तर पाऊण इंची जीआय २७. एक इंची सीपीव्हीसी साडेअठ्ठावीस, तर एक इंची जीआय जवळजवळ ३४. दुकानात नुसते ‘पाऊण इंचीचे द्या’ म्हटले तर सीपीव्हीसीच्या पाइपला जीआयच्या मापाची सैल नळी मिळण्याची शक्यता असते, आणि सैल नळीच्या आत हवा खेळत राहते. गच्चीवरच्या पाइपसाठी १३ मिलिमीटर जाडीचे नायट्राइल रबर ही माझी पहिली पसंती आहे. निफाडसारख्या ठिकाणी, जिथे थंडी कडाक्याची पडते, किंवा पाइप सलग उघड्या वाऱ्यात असेल तिथे, १९ मिलिमीटर घ्यावे. भिंतीला लागून, सावलीत उतरणाऱ्या पाइपला स्वस्त पॉलिइथिलिन फोमही पुरतो.

काम पाइप थंड असताना आणि कोरड्या हवेत करावे. पावसाळ्यात करू नये. जुने आवरण पूर्ण काढावे, त्यावरच नवे गुंडाळू नये. जीआय पाइप घासून त्याला गंजरोधक प्राइमर लावावा. नळीला उभा छेद देऊन ती पाइपवर चढवावी आणि छेदाच्या दोन्ही कडांना रबराचे चिकटवण पातळ लावून, ते बोटाला चिकटेनासे झाल्यावर, कडा दाबून जोडाव्यात. हे चिकटवण सीपीव्हीसीच्या पाइपला लागू देऊ नये, कारण त्यातले द्रावक प्लॅस्टिकला अपाय करते. छेद नेहमी खालच्या बाजूला ठेवावा. प्रत्येक तुकडा लागतो त्यापेक्षा किंचित लांब कापून दोन्ही बाजूंनी दाबत बसवावा, म्हणजे पाइप लांबला तरी फट पडणार नाही. एल्बोवर नळी वाकवून नेऊ नये, तिरपे कापलेले दोन तुकडे जोडून काटकोन करावा. टी आणि युनियन हे पाइपचे जोड, व्हॉल्व्ह आणि टाकीची तोंडे हीच मंडळी नेहमी उघडी राहतात; त्यांनाही सपाट शीटचे तुकडे कापून झाकावे, व्हॉल्व्हची मूठ तेवढी बाहेर ठेवावी. चिकटवण पूर्ण वाळायला एक-दीड दिवस द्यावा, तोवर गरम पाणी सोडू नये.

यानंतरचे काम केले नाही तर वरचे सगळे दोन वर्षांत वाया जाईल. आवरणाला उन्हापासून वाचवणारे कवच हवे. वातानुकूलनाचे काम करणारे कारागीर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवून देतात आणि तो सर्वोत्तम असतो, पण थोड्या मीटरसाठी ते महाग पडते. काचकापड गुंडाळून त्यावर उन्हाला टिकणारा लेप देणे हा मधला मार्ग आहे. घरगुती कामासाठी मला सर्वांत व्यवहार्य वाटतो तो शेतीच्या पाण्याचा ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप. त्याला करवतीने एका बाजूने उभी चीर द्यावी, ती फाकवून आवरणासह पाइपवर चढवावा, चीर खाली ठेवावी म्हणजे आत गेलेले पाणी निथळून जाईल, आणि वरून पाण्यात मिसळणारा पांढरा बाहेरचा रंग द्यावा. पाऊण इंची सीपीव्हीसीवर १३ मिलिमीटरचे आवरण चढवले की ते ४८ मिलिमीटर होते आणि यात सहज बसते. १९ मिलिमीटरचे असेल तर बाहेरचा व्यास ६० होतो, म्हणून ७५ मिलिमीटरचा पाइप घ्यावा लागतो. कावळे, खारी आणि माकडे यांचाही बंदोबस्त याच कवचाने होतो. क्लॅम्प कवचावर बसवावेत आणि सैल ठेवावेत, म्हणजे पाइपला लांबायला जागा राहील. सलग लांब सरळ पाइप असेल तर प्लंबरकडून मध्ये एक वळसा काढून घ्यावा. बांधायच्या पट्ट्या काळ्या, उन्हाला टिकणाऱ्याच घ्याव्यात.

खर्च मर्यादित असेल तर कोणता पाइप आधी झाकावा, याचाही क्रम आहे. सपाट पॅनेलच्या यंत्रणेत पॅनेलकडून टाकीकडे जाणारा वरचा पाइप दिवसभर गरम असतो आणि त्यातून उष्णता सतत जात असते, म्हणून तो पहिला. टाकीच्या गरम तोंडापासून गच्चीची कड ओलांडेपर्यंतचा पाइप दुसरा. खालचे, सावलीतले पाइप त्यानंतर. भिंतीत गाडलेल्या गरम लाइनचे गिलाव्यानंतर काहीच करता येत नाही. म्हणून न्हाणीघराचे नूतनीकरण होत असेल तर खाच थोडी रुंद घ्यायला सांगून पाइपवर ६ किंवा ९ मिलिमीटरची नळी चढवूनच गिलावा करावा. सिमेंटला थेट चिकटलेला पाइप भिंतच तापवत बसतो, आणि हे नुकसान नंतर कितीही पैसे टाकले तरी भरून निघत नाही.

सोसायटीची फिरती लाइन

मोठ्या इमारतींत गरम पाणी पंपाने वरून खाली आणि परत वर असे फिरवत ठेवतात, म्हणजे कोणत्याही मजल्यावर नळ सोडताच गरम पाणी मिळते. येथे आवरणाचे महत्त्व घरगुती यंत्रणेपेक्षा कितीतरी अधिक आहे, कारण पाइपमधले पाणी निवत नाही, तर टाकीतले निवते. एक इंची उघड्या सीपीव्हीसी पाइपमधून वरच्याच परिस्थितीत दर मीटरला ३३ वॅटच्या आसपास उष्णता जाते. जाणारी आणि परतीची मिळून १०० मीटर लाइन उघडी असेल आणि पंप रात्रभर आठ तास चालू राहिला, तर २००० लिटरच्या टाकीचे तापमान सकाळपर्यंत साधारण दहा अंशांनी उतरलेले असते. रहिवाशांना वाटते सोलर कमी पडतो आहे, आणि चर्चा नवी पॅनेल घेण्याची सुरू होते. अशा ठिकाणी आधी पंपाला टायमर लावून तो पहाटे वापर सुरू होण्याच्या थोडा आधी चालू होईल असे करावे, आणि मग परतीच्या लाइनवर आवरण आहे की नाही ते पाहावे. ती लाइन नळाला जात नसल्याने ठेकेदाराने ती उघडीच सोडलेली अनेकदा आढळते.

थंड पाण्याच्या पाइपबद्दलही विचारले जाते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या पाइपमधून दुपारी येणारे पाणी हात धुण्यासारखेही राहत नाही. तेथे हेच आवरण आणि हेच पांढरे कवच उपयोगी पडते, पण पाइपमध्ये उभे असलेल्या पाण्यापुरतेच. टाकीच तापलेली असेल तर आधी टाकीवर सावली करावी.

बसवलेल्या आवरणाची पाहणी वर्षातून दोनदा करावी. मे अखेरीस, पावसाआधी, सांध्यांच्या फटी आणि कवचाची चीर खालीच आहे ना हे पाहावे. दिवाळीनंतर, थंडीच्या तोंडावर, एल्बो आणि टाकीची तोंडे हाताने चाचपावीत: दुपारी जिथे कवच बाजूच्या भागापेक्षा स्पष्ट गरम लागेल, तिथे आतले आवरण सरकले आहे किंवा ओले आहे. तेवढाच तुकडा काढून बदलावा, अख्खी लाइन उघडण्याची गरज नसते.